प्रकल्प नोंदी: उंदराची मान आणि श्वास

३ जून २०२४

प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, फॉर्म बी, अखेर मंजूर होऊन आला. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीने अटी घातल्यात त्या अशा: स्नायूंचे विद्युत सिग्नल टिपणाऱ्या वायरी बसवायची शस्त्रक्रिया पूर्ण भुलीत, त्यानंतर वेदनाशामक, रोज वजन, आणि वजन ठरलेल्या मर्यादेखाली उतरलं तर त्या प्राण्यावरचं काम तिथेच बंद. सगळ्या रास्त आहेत. वजनाचं रजिस्टर प्राणी सांभाळणाऱ्या काकांकडे. ॲनिमल हाउसमध्ये त्यांच्याइतकं कुणी नियमित नाही.

प्रकल्प नेमका काय, ते इथे एकदा लिहून ठेवतो. उंदीर मुख्यतः श्वासपटलाने श्वास घेतो, बरगड्यांमधले स्नायू त्याला साथ देतात. मानेतल्या स्नायूंना एरवी दुसरी कामं असतात: डोकं उचलणं, मान वळवणं, पुढचा पाय हलताना खांदा सावरणं. पण हवेची गरज वाढली की हेच स्नायू छातीचा पिंजरा डोक्याच्या दिशेने ओढायला लागतात. म्हणून श्वसनाचे साहाय्यक स्नायू हे नाव. आम्ही त्यातले तीन धरलेत: स्केलिन, स्टर्नोमॅस्टॉइड आणि ट्रॅपेझियस (मानेमागून खांद्याकडे जाणारा). जागा, निरोगी, मोकळा फिरणारा उंदीर यांना कधी कामाला लावतो, एवढंच बघायचं आहे.

मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "प्रस्तावात 'कधी' एवढंच ठेवा. 'कसं' लिहिलंत की पाच वर्षं जातील."

७ जून

दुसऱ्या एका प्रकल्पातला, काम संपलेला उंदीर मिळाला. प्रत्यक्ष वायरी बसवण्याआधी नुसती रचना बघायला असं शव मिळणं चांगलं, जिवंत प्राण्यावर चाचपडावं लागत नाही.

हनुवटीपासून छातीपर्यंत कातडी बाजूला केली की आधी लाळग्रंथीच दिसतात. इतक्या मोठ्या असतात की पूर्ण गळा त्यांनीच व्यापलेला. त्या चिमट्याने वर सारल्या की खाली व्ही आकारात दोन पट्टे: उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) वरच्या टोकापासून निघून कानामागच्या हाडापर्यंत गेलेले. हे स्टर्नोमॅस्टॉइड. माणसात उरोस्थीकडचा आणि हासळीकडचा असे दोन भाग एकाच स्नायूत धरतात. उंदरात हासळीकडचा पट्टा सुटा असतो, त्यामुळे वायर कुठल्या पट्ट्यात चालली आहे ते नीट बघावं लागणार. मधोमध श्वासनलिकेवर कागदासारखे पातळ स्नायू आहेत, ते कंठिकेच्या हाडाला खाली ओढणारे. त्यांच्याशी आपलं काम नाही.

स्केलिन सापडायला वेळ लागतो. तो खोल आणि बाजूला, हाताकडे जाणाऱ्या चेतांच्या (नसांच्या) जुडग्याला चिकटून. मानेच्या मणक्यांपासून निघतो, पण पहिल्या बरगडीवर थांबत नाही. त्याचा एक भाग आणखी खालच्या बरगड्यांपर्यंत पसरतो. चिमट्याने तो पट्टा डोक्याकडे हलकेच ओढला, तर वरच्या बरगड्या एकदम वर आल्या आणि छातीचा वरचा भाग पुढे फुगला. काहीच जोर लागला नाही. उंदराच्या बरगड्या इतक्या लवचिक, की बोटाने दाबल्या तर वाकतात.

मग तसाच स्टर्नोमॅस्टॉइड ओढला. हनुवटी खाली आली, छाती जागची हलली नाही. काकांना डोकं धरून ठेवायला सांगितलं आणि पुन्हा ओढला. आता उरोस्थी वर सरकली.

८ जून

कालचं डोक्यात घोळतंय. स्नायूला दोन टोकं असतात आणि आकुंचन पावताना तो दोन्ही टोकं एकमेकांकडे ओढतो. कुठलं टोक हलणार हे दुसरं टोक किती पक्कं आहे त्यावर ठरतं. म्हणजे स्टर्नोमॅस्टॉइडने श्वासाला मदत करायची तर मानेमागच्या स्नायूंनी त्याच क्षणी डोकं घट्ट धरलं पाहिजे. धाप लागलेला माणूस टेबलावर किंवा गुडघ्यांवर हात रोवून पुढे झुकतो, तेही याच हिशोबाने: हात आणि खांदे स्थिर झाले की त्यांना जोडलेले स्नायू बरगड्या ओढायला मोकळे. स्केलिनला ही अडचण कमी, कारण त्याचं वरचं टोक मणक्यांवर आहे आणि मणके डोक्याइतके डुलत नाहीत. त्यामुळे श्वासासाठी पहिली हाक स्केलिनला जात असावी असा माझा अंदाज. मॅडमना अजून सांगितलेला नाही.

१४ जून

श्वास मोजायचा डबा तयार झाला. ॲक्रिलिकचा, अर्ध्या लिटरचा, शेजारी तेवढाच रिकामा डबा संदर्भासाठी. दोन्हींमधला दाबाचा फरक सेन्सर वाचतो. उंदीर आत मोकळा बसतो, तोंडावर काही लावायचं नाही, हा या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा.

बंद डब्यात उंदराने श्वास घेतला तर दाब का बदलावा, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. हवा डब्यातच आहे, उंदराबाहेरची उंदराच्या आत गेली एवढंच. उत्तर उष्णता आणि ओलाव्यात आहे. डब्यातली हवा २४ अंश आणि निम्मी दमट धरली, तर फुप्फुसात ती ३७ अंशांपर्यंत तापते, पूर्ण ओली होते आणि साधारण दहा टक्क्यांनी फुगते. उंदराचा एक श्वास ०.२ मिलीच्या आसपास. त्याचे दहा टक्के म्हणजे ०.०२ मिली. अर्ध्या लिटरच्या डब्यात एवढ्याने दाब वाढतो तो पाण्याच्या सुमारे ०.०४ सेंटिमीटरने. खोलीचं दार जोरात लावलं तरी याच्या कित्येक पट हेलकावा बसतो. हिशोबाचं सूत्र ड्रॉरबॉ आणि फेन यांनी १९५५ साली नवजात बाळांचा श्वास मोजण्यासाठी मांडलं होतं, आज ते बहुतेक उंदरांवरच वापरलं जातं.

यातच एक गंमत दडलेली आहे. डब्यातली हवा शरीराइतकी गरम आणि दमट झाली, तर सिग्नल शून्य होईल. उंदीर धडधाकट श्वास घेत असेल आणि पडद्यावर सपाट रेघ! आपल्याकडच्या पावसाळ्यात २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरून हिशोब केला, तर फुगण्याचे दहा टक्के न राहता जेमतेम सात टक्के उरतात. म्हणून आत जाणारी हवा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या नळीतून सोडायची आणि तापमान-आर्द्रता दर नोंदीबरोबर लिहायची. थंड, कोरड्या देशात लिहिलेल्या मॅन्युअलमध्ये या भानगडीला अर्धी ओळ आहे.

२१ जून

कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या मापाने डबा तपासून घेणं. मायक्रोलिटर सिरिंजने २० मायक्रोलिटर हवा झटकन आत, झटकन बाहेर. ठीक येतंय. एसीचा झोत थेट डब्यावर येत होता, डबा भिंतीकडे सरकवला.

२ जुलै

स्नायूंचे विद्युत सिग्नल. अडचणी दोन.

पहिली, ५० हर्ट्झची घरघर. शेजारच्या खोलीतला डीप फ्रीझर सुरू झाला की रेघ जाड होते. पिंजऱ्याभोवती तांब्याची जाळी लावली, सगळं एकाच अर्थिंगवर आणलं, बरीच कमी झाली. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं फिल्टरने कापतोच, तरी मुळातच कमी असलेली बरी.

दुसरी अडचण हृदय. उंदराचं हृदय मिनिटाला ५०० ते ७०० वेळा धडधडतं आणि तो ठोका श्वासपटलाच्या वायरीत सणसणीत येतो, मानेच्या वायरीतही थोडा. श्वास सेकंदाला तीनेक, ठोके दहाएक. सिग्नल नुसता रेक्टिफाय करून (उणे भाग अधिक करून) गुळगुळीत केला, तर हृदयाच्या ठोक्यांचीच एक खोटी 'क्रिया' मिळते आणि स्नायू सतत थोडा चालू असल्याचा भास होतो. आमचा सगळा प्रश्नच 'स्नायू चालू आहे की नाही' असा, त्यामुळे इथे हयगय परवडणार नाही. ठोके ओळखून तेवढा तुकडा वगळणारा कोड लिहिला. काही ठोके श्वासाच्या झटक्यावरच पडतात, तिथे थोडा खरा सिग्नलही जातो. चालेल. नसलेला सिग्नल दिसण्यापेक्षा असलेला थोडा गमावणं परवडलं.

१२ जुलै

शस्त्रक्रियेनंतर उंदीर व्यवस्थित सावरलेत, वजनं पूर्ववत. टेफ्लॉनचं आवरण असलेल्या स्टीलच्या तारा एका बाजूच्या स्केलिनमध्ये, स्टर्नोमॅस्टॉइडमध्ये आणि श्वासपटलात, जोडणी डोक्यावर. ट्रॅपेझियस या फेरीत सोडला. पाठीवर आणखी एक जखम करायची नव्हती.

पहिली चांगली नोंद आज मिळाली. उंदीर कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून बसला होता. श्वासपटलाच्या रेघेवर एकामागून एक नीटस फुगवटे, डब्याच्या दाबाशी तंतोतंत जुळणारे. मानेच्या दोन्ही रेघा सपाट. सिग्नल मोठा करणारी गेनची कळ वाढवून पाहिली, कोडने हृदय काढून पाहिलं, सपाटच.

अपेक्षित होतं, तरी बघताना बरं वाटलं. कारण हे सगळ्या प्राण्यांत सारखं नाही. माणूस निवांत बसलेला असतानाही त्याचे स्केलिन प्रत्येक श्वासाला थोडे काम करत असतात, म्हणजे माणसाच्या बाबतीत त्यांना 'साहाय्यक' म्हणणं तसं चुकीचंच, पुस्तकात छापलेलं असलं तरी. कुत्र्यात निवांत श्वासाला ते गप्प असतात. आमचे उंदीर कुत्र्याच्या पंगतीत बसतात असं दिसतंय.

१९ जुलै

नोंदींचा सगळ्यात कंटाळवाणा भाग: व्हिडिओ लावून बसायचं आणि मानेची प्रत्येक हालचाल शोधायची. उंदीर तोंड धुतो, मानेची रेघ पेटते. मागच्या पायांवर उभा राहतो, पेटते. हुंगायला लागला की श्वास सेकंदाला आठ-दहावर जातो आणि डोकंही हलत असतं, मग श्वास कुठला आणि डोकं कुठलं हे डोळ्याने ठरवणं अशक्य. शेवटी नियम केला: डोकं व्हिडिओत स्थिर हवं, आणि मानेचा झटका लागोपाठच्या श्वासांत श्वासपटलाच्या झटक्याबरोबरच यायला हवा. दोन्ही असेल तरच त्याला 'श्वसनाची क्रिया' म्हणायचं.

मात्र यातून एक गोष्ट पक्की झाली. त्याच स्नायूत, त्याच वायरीत, तोंड धुताना भरभक्कम सिग्नल येतोय. म्हणजे विश्रांतीतली सपाट रेघ ही वायर निसटल्यामुळे किंवा स्नायू दुखावल्यामुळे नाही. स्नायू शाबूत आहे, त्याला श्वासाची हाक गेलेली नाही.

२६ जुलै

डब्यात ७ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडला, उरलेल्यात ऑक्सिजन नेहमीइतका. काही मिनिटांत श्वास खोल आणि जलद झाला, ते होणारच. काही उंदरांत स्केलिनच्या रेघेवर श्वासपटलाच्या तालात बारीक झटके दिसले, डोकं स्थिर असताना. स्टर्नोमॅस्टॉइडवर सांगण्यासारखं काही नाही. माझ्या ८ जूनच्या अंदाजाशी जुळतं, पण एवढ्यावरून बोलायचं नाही. मॅडमनी नोंदी पाहिल्या, "हं" म्हणाल्या आणि पुन्हा गेनचे आकडे विचारले.

५ ऑगस्ट

वाचनाचा आठवडा. सिनसिनाटीच्या स्टीव्हन क्रोन यांच्या गटाचा २०१७ चा निबंध पुन्हा नीट वाचला. आमची पद्धत बरीचशी त्यांच्यासारखीच आहे, मोकळा प्राणी, दाबाचा डबा आणि स्नायूत तारा. पण त्यांनी वापरला तो सॉड-१ जनुकात जी९३ए बदल असलेला उंदीर, १९९४ पासून एएलएस या आजारासाठी वापरात असलेला. एएलएसमध्ये स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात, श्वासपटल चालवणाऱ्याही. तरी आजाराच्या सुरुवातीला श्वास टिकून राहतो. तो कसा टिकतो?

त्यांना दिसलं ते असं: लक्षणं सुरू होताच हे उंदीर विश्रांतीतही मानेचे स्नायू श्वासासाठी वापरायला लागतात आणि त्याबरोबर श्वासातून येणारी-जाणारी हवा वाढते. पुढे आजार बळावला की विश्रांतीतली ही क्रिया बंद पडते. पण त्याच टप्प्यावर तेच स्नायू इतर हालचालींसाठी मात्र चालत असतात!

म्हणजे अखेरीस उंदराचा श्वास तुटतो तेव्हा मानेत अजून वापरता येण्यासारखी ताकद पडून असते. ती कामाला लावणारा निरोप पोचत नाही. तोंड धुताना पेटणारी आमची रेघ आठवली. स्नायू 'आहे' आणि श्वासासाठी 'उपलब्ध आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधला दुवा चेतासंस्थेत आहे.

हा निरोप देऊ शकणाऱ्या पेशींचा एक गटही त्यांनी दाखवला: व्ही२ए. मज्जारज्जूत आणि मेंदूच्या तळाशी असणाऱ्या, ग्लुटामेट सोडून पुढच्या पेशीला चेतवणाऱ्या. या पेशींत एक बदललेला रिसेप्टर (संदेश पकडणारा रेणू) बसवला, तो ठरावीक औषधानेच जागा होतो. औषध दिल्यावर मानेचे स्नायू श्वासाच्या कामाला लागले आणि हवा वाढली, निरोगी उंदरांत आणि एएलएसच्या उंदरांतही.

९ ऑगस्ट

आणि आता त्याच गटाचा २०१९ चा निबंध, जो वाचून दोन दिवस मी इतरांचं डोकं खातोय. इथे त्यांनी उलटं केलं: निरोगी, प्रौढ उंदरांत व्ही२ए पेशी गप्प केल्या. २०१७ चं वाचून कुणीही म्हणेल की मानेचे स्नायू आणखी गप्प बसतील. घडलं भलतंच. स्नायू विश्रांतीतच चालू झाले.

चेतवल्या तरी स्नायू चालू, गप्प केल्या तरी चालू. पहिल्यांदा वाचताना वाटतं कुठेतरी चिन्ह उलटं पडलंय. पण व्ही२ए हा एकजिनसी गट नाही हे धरलं तर जुळतं. त्यातल्या काही पेशी मानेच्या स्नायूंकडे थेट जोर पाठवत असाव्यात, आणि काही दाबून ठेवणाऱ्या पेशींना चेतवून तोच जोर रोखत असाव्यात. विश्रांतीत दुसऱ्यांचं पारडं जड. सगळ्यांना एकदम जोरात हलवलं तर पहिल्या जिंकतात, सगळ्यांना झोपवलं तर रोखणारंच कुणी उरत नाही आणि श्वासाचा जोर दुसऱ्या वाटांनी मानेपर्यंत पोचतो. हा माझा अर्थ आहे, मॅडमना पटलेला पण त्यांनी सही न केलेला. याच पेशी जन्मापासूनच नसतील तर नवजात उंदरांचा श्वास अनियमित होतो हे २०१२ मध्ये दाखवलं गेलंय, त्यामुळे त्या श्वासाच्या गणितात खोलवर आहेत एवढं नक्की.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते १२ जुलैच्या सपाट रेघेबद्दल. तेव्हा मी तिला 'काही घडत नाही' असं समजत होतो. पण घाटात बंद पडलेली गाडी आणि ब्रेकवर पाय ठेवून उभी केलेली गाडी बाहेरून सारखीच दिसते. मान गप्प राहावी म्हणून चेतासंस्था प्रत्येक श्वासाला काम करत असेल, तर आमच्या तक्त्यातला 'शून्य' हा वेगळ्या जातीचा शून्य आहे.

असं गप्प ठेवण्यात उंदराचा फायदा काय असेल, यावर चहाच्या वेळी बराच वाद झाला. माझं मत: हे स्नायू बहुतांशी जलद तंतूंचे, जोर भरपूर पण लवकर दमणारे. मिनिटाला दीडशे-दोनशे श्वास त्यांच्यावर टाकले तर मांजर समोर आल्यावर मान वळवायला ताकद उरायची नाही.

१४ ऑगस्ट

माणसांतली दोन उदाहरणं इथे टिपून ठेवतो, प्रबंधाच्या प्रस्तावनेत लागतील.

एक, मानेच्या अगदी वरच्या भागात मज्जारज्जू तुटलेले रुग्ण. श्वासपटलाच्या चेता मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या भागातून निघतात, त्या गेल्या. स्टर्नोमॅस्टॉइड आणि ट्रॅपेझियसला मात्र अकरावी मस्तिष्क चेता चालवते, तिचा उगम त्याहून वर सुरू होतो. म्हणून यातले काही जण व्हेंटिलेटर काढल्यावर थोडा वेळ केवळ मानेच्या बळावर श्वास घेऊ शकतात. प्रत्येक श्वासाला उरोस्थी डोक्याकडे ओढली जाताना डोळ्यांना दिसते. मला टेबलावर काकांनी धरलेलं डोकं आठवलं.

दोन, झोप. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात, मानेचे साहाय्यक स्नायूही. श्वासाच्या स्नायूंपैकी यातून वाचतं ते मुख्यतः श्वासपटल. ज्याचं श्वासपटल आधीच कमजोर आहे आणि जो दिवसा मानेच्या आधारावर निभावून नेतोय, त्याचा ऑक्सिजन सगळ्यात आधी याच झोपेत उतरतो. असे रुग्ण सकाळच्या डोकेदुखीची आणि दिवसभराच्या झापडीची तक्रार घेऊन येतात. दिवसा ओपीडीत खुर्चीवर बसवून तपासलं तर सगळं ठीकठाक वाटू शकतं.

२२ ऑगस्ट

काकांनी विचारलं, उंदराहून लहान काही श्वास घेतं का? इट्रस्कन चिचुंद्री, वजन दोन ग्रॅमच्या आसपास, मोजलेला कमाल श्वास मिनिटाला ९०० च्या जवळ. सेकंदाला पंधरा. आपल्या मोरीतली चिचुंद्री हिची चुलत बहीण, जात वेगळी पण जीनस (सन्कस) एकच. काका म्हणाले, "मग ती घेते कधी आणि सोडते कधी?" प्रश्न बरोबर आहे. त्या वेगाला मानेच्या स्नायूला प्रत्येक श्वासाला आवळून पुन्हा सैल व्हायला वेळ मिळेल का, याचा हिशोब करायला घेतला आणि मॅडम आल्या म्हणून ठेवला.

३० ऑगस्ट

पुढच्या अर्जाचा मसुदा. एएलएसचा उंदीर मागवायचा नाही, त्याची कागदपत्रं आणि खर्च आमच्या आवाक्यात नाहीत. निरोगी उंदरांतच झोपेच्या नोंदी घ्यायच्या: मेंदूच्या लहरींसाठी कवटीवर दोन स्क्रू, बाकी तारा आहेत तशाच. जागेपणी कार्बन डायऑक्साइडला स्केलिन ज्या पातळीवर उठतो, साध्या झोपेत आणि स्वप्नांच्या झोपेत तो त्याच पातळीवर उठतो का, हे बघायचं. ट्रॅपेझियस या वेळी घ्यायचाच, मॅडमचा आग्रह.

समितीची बैठक पुढच्या महिन्यात. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालंय, ओव्हनमध्ये टाकलं. डब्याच्या झाकणाची रबरी रिंग बदलायची आहे, जुनी एका जागी चिरली आहे.